खुलं पत्र : यूटीसीची पोरं पण आपल्याच कॉलेजची होती

प्रति,
मा. प्राचार्य, व्यवस्थापन मंडळ आणि माजी विद्यार्थी संघ यांस,

स.न.वि.वि.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि खरं सांगायचं तर राज्यातल्या कुठल्याही शंभरी गाठलेल्या कॉलेजला हे पत्र थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मैदानाच्या कडेची ती कौलारू खोली, जिला आपण सगळे कोत (रायफली ठेवायची खोली) म्हणायचो, ती पाडून तिथे टू-व्हीलर पार्किंग होणार असं कळलं. माझा त्याला विरोध नाही. कौलं तर माझ्या वेळीच गळत होती आणि गाड्या लावायला जागा नाही हे गेटवर उभं राहिलं की दिसतंच. पण खोली रिकामी करताना आतलं सामान ज्या पद्धतीने बाहेर काढलं, आणि त्याच महिन्यात नव्या हॉलमध्ये 'एनसीसीचा गौरवशाली इतिहास' म्हणून जी भिंत रंगवली तिच्यावरचं पहिलंच साल १९४८, म्हणजे एनसीसीच्या आधी कॉलेजात असलेली यूटीसी साफ गायब, ह्या दोन गोष्टी एकत्र बघितल्या आणि गप्प बसवेना. प्राचार्यांना भेटायचा प्रयत्न केला, ऑफिसात अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी माझा काय संबंध ते सांगतो. आजोबा १९२९ ते १९३३ ह्याच कॉलेजात होते आणि यूटीसीत होते. युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोर. वडील साठच्या दशकात इथेच, चीनच्या युद्धानंतर १९६३ ला एनसीसी सक्तीची झाली ती बॅच, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते तेव्हा, आणि त्यांना विचाराल तर पहाटेच्या परेडबद्दल ते आजही एक चांगला शब्द बोलणार नाहीत. मी नव्वदच्या दशकात हौसेने गेलो, सी सर्टिफिकेट (एनसीसीची सगळ्यात वरची परीक्षा) काढलं, कोतमध्ये रायफली पुसल्या. म्हणजे आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्या मैदानावर लेफ्ट-राइट करून गेल्यात. त्यातल्या दोन तुमच्या भिंतीवर बसतात, पहिली बसत नाही.

आता ज्यांना यूटीसी म्हणजे काय हेच माहीत नाही (भिंतीचा मजकूर ज्यांनी लिहिला तेही ह्यात आले) त्यांच्यासाठी थोडं लांबण लावतो.

पहिलं महायुद्ध चालू होतं, सरकारला माणसं कमी पडत होती, म्हणून १९१७ ला इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा आला. गोऱ्यांना सक्ती, आपल्या लोकांना ऐच्छिक. त्यातूनच कॉलेजच्या पोरांच्या युनिव्हर्सिटी कोर निघाल्या. युद्ध संपल्यावर १९२० ला इंडियन टेरिटोरियल फोर्सचा (आपला कामधंदा सांभाळून सैन्याचं शिक्षण घेणाऱ्यांची फौज) कायदा झाला आणि त्याखाली ह्याच कोरचं यूटीसी झालं. मुंबई युनिव्हर्सिटीची स्वतःची बटालियन होती आणि युनिव्हर्सिटी तेव्हा केवढी पसरलेली, पुणे, अहमदाबाद, धारवाड, पार कराचीपर्यंत, कारण पुणे युनिव्हर्सिटी आली ती १९४९ ला. आपलं कॉलेजही मुंबईखालीच होतं आणि आपली पोरं त्याच बटालियनची. खाकी हाफपँट, पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या खाकी पट्ट्या, जड बूट. आजोबा म्हणायचे ती पट्टी नीट गुंडाळता येणं हीच अर्धी परीक्षा, सैल राहिली की परेडमध्ये सुटून मागे फरफटत यायची आणि अख्खी रांग हसायची. प्रोफेसर लोकांना लेफ्टनंट, कॅप्टन असे हुद्दे मिळायचे, म्हणजे सकाळी जो माणूस ग्राउंडवर ओरडायचा तोच अकराला येऊन मिल्टन शिकवायचा. वर ॲडज्युटंट आणि शिकवणारे सार्जंट मात्र रेग्युलर आर्मीतले गोरे. आठवड्याच्या परेडी, वर्षातून एकदा कँप, चांदमारी म्हणजे नेमबाजीचा सराव. आणि एक महत्त्वाचं, टेरिटोरियलच्या बाकीच्या पलटणींसारखं ह्या पोरांना प्रत्यक्ष नोकरीवर बोलवायचं बंधन नव्हतं.

ह्यात एवढं काय विशेष, असं वाटेल. तर १८७८ चा आर्म्स ॲक्ट आठवा. लायसन्सशिवाय हत्यार बाळगायचं नाही, लायसन्स द्यायचं की नाही ते साहेबाच्या मर्जीवर. अशा देशात अठरा-एकोणीस वर्षांच्या, पुस्तकात डोकं घातलेल्या मुलाच्या हातात उघड उघड, कायदेशीरपणे रायफल देणारी आणि ती चालवायला शिकवणारी दुसरी जागा कुठली होती सांगा. फौजेत जायचं तर तिथे 'मार्शल रेस'चा चष्मा, म्हणजे ठराविक जातीच लढवय्या हा साहेबाचा समज, मराठा चालेल, पठाण चालेल, शीख चालेल, दख्खनी बामण नको, गुजराती नको, कारकुनाचा पोरगा नको. महारांची तर आणखीनच वाईट गत, कंपनी सरकारसाठी पिढ्यान् पिढ्या लढलेल्यांची भरती १८९० च्या दशकात बंद, १९१७ ला गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडून टाकली. यूटीसीत जात विचारून घेत नव्हते, कॉलेजात नाव पाहिजे एवढंच. आता कॉलेजात नाव कोणाचं असायचं तेव्हा, हा प्रश्न आहेच, आणि मुलींना तर दारच नव्हतं, तेव्हा मी काही तिथे समता नांदत होती असं म्हणत नाहीये. पण मार्शल रेसच्या चष्म्याला तिथे तडा गेला हे खरं.

ह्याच कोरमध्ये कलकत्त्याला १९१७ साली एक पोरगा भरती झाला होता. ओटन नावाच्या प्रोफेसरच्या मारहाणीच्या प्रकरणात प्रेसिडेन्सी कॉलेजने काढून टाकलेला, मग स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळालेला, ४९व्या बंगाली पलटणीत जायला गेला तर डोळ्यांमुळे नापास झालेला. सुभाषचंद्र बोस. फोर्ट विल्यममध्ये रायफली आणायला गेलो तेव्हा, जे मुळात आपल्या हक्काचं होतं आणि अन्यायाने काढून घेतलं होतं ते परत ताब्यात घेतोय असं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसला हेच बोस स्वयंसेवकांचे जीओसी (जनरल ऑफिसर कमांडिंग, म्हणजे प्रमुख) म्हणून लष्करी गणवेशात उभे राहिले आणि त्याच्या पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे ना, भला मोठा? ते यूटीसीच्या आधीच्या कोरमधले कॅडेट होते हे त्या फोटोखाली एका ओळीत लिहिता आलं असतं.

आणि आपल्याकडे टिळक. १९१७ ला पोरांना डिफेन्स फोर्समध्ये जा म्हणून सांगणारे टिळक, आणि १९१८ ला मुंबईच्या वॉर कॉन्फरन्समध्ये गव्हर्नर विलिंग्डनने बोलताना अडवलं म्हणून सरळ उठून चालते झालेले टिळक, दोन्ही एकच. लष्करी शिक्षण घ्या पण मिंधे होऊ नका, असा तो हिशोब होता. तो पटो न पटो, पण ती पोरं कुठल्या हवेत वाढत होती ते त्यावरून कळतं.

आता मुद्द्यावर येतो. एक एक करून सांगतो.

पहिली तक्रार भिंतीची. एनसीसी स्वतः आपली मुळं १९१७ च्या युनिव्हर्सिटी कोरपर्यंत नेते. १९१७, मग १९२० ची यूटीसी, मग १९४२ ला तिचंच यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोर) झालं, मग विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाचा विचार करायला १९४६ ला नेमलेली पंडित हृदयनाथ कुंझरूंची कमिटी, मग १९४८ चा कायदा आणि १५ जुलै १९४८ ला एनसीसी. ही साखळी कुठल्याही कॅडेटला परीक्षेला पाठ करावी लागते! आणि कुंझरू काही परके नव्हेत, गोखल्यांनी १९०५ ला पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष. म्हणजे खुद्द एनसीसी जुनं मान्य करते आणि आपलं कॉलेज, ज्याच्याकडे त्याचा पुरावा खोलीभर पडलेला होता, तेच नाही म्हणतंय.

दुसरी, बोर्ड. कोतच्या आत डाव्या हाताला सागवानी बोर्ड होता, दर वर्षीच्या बेस्ट शॉटचं नाव सोनेरी रंगात, पहिलं नाव १९२३ चं. आम्ही रायफली पुसताना ती नावं वाचायचो, काही आडनावं अजून गावात आहेत. आजोबांचं नाव त्यावर नव्हतं, त्यांचा नेम भयंकर होता असं ते स्वतःच सांगायचे, तेव्हा हा काही घरचा मान मागायचा प्रकार नाही. तो बोर्ड आज कुठे आहे हे ऑफिसला विचारलं तर 'सामान हलवलंय' एवढंच कळतं. कुठे हलवलं, कोणी हलवलं, यादी केली का, ह्याला उत्तर नाही. ढाली, कप ह्यांचंही तेच.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली, कागदं. हजेरीची रजिस्टरं होती, कँपचे ग्रुप फोटो होते मागे नावं लिहिलेले, आणि कॉलेजच्या वार्षिक मासिकांचे जुने अंक होते ज्यात दर वर्षी यूटीसीचा रिपोर्ट यायचा. किती भरती झाले, कँपला काय झालं, कोण सार्जंट झाला, मॅचमध्ये हरलो ते कोणामुळे. मी विद्यार्थी असताना त्यातले थोडे वाचलेत. १९३० च्या आसपासच्या रिपोर्टात भरती कमी झाल्याचं लिहिलेलं होतं आणि कारण काय ते न लिहिताही कळत होतं. हे सगळं पोत्यात भरून रद्दीत गेलं असं तिथलाच एक माणूस म्हणाला, ग्रंथालयात गेलं असं दुसरा म्हणाला. ग्रंथालयात गेलो तर जुन्या मासिकांचं कपाट बंद, वाचायचं असेल तर परवानगी आणा, परवानगी कोण देणार तर त्याच ऑफिसात अर्ज करा. रिंगणच आहे ते.

ह्यात मला जे तोंडी उत्तर मिळालं ते इथे लिहिलंच पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कमिटीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, अहो ते ब्रिटिशांचं होतं, राजाच्या नावाने शपथा घ्यायचे ते लोक, त्यांचं कशाला लावायचं भिंतीवर, उद्या कोणी आक्षेप घेतला तर. म्हणजे विसरलं नाहीये, टाळलंय.

मी ह्यावर चिडून काही लिहिणार नाही. पण आजोबांच्या वेळी त्यांनाही हाच प्रश्न रोज ऐकावा लागत होता, तोही तुमच्यापेक्षा जास्त अधिकाराने, कारण विचारणारे जेलमध्ये जायच्या तयारीतले होते. १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला, शिरोड्याला माणसं गेली, आजोबांच्या खोलीतला मित्र पण गेला. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत येरवड्याला चौघांना फाशी दिलं. २२ जुलै १९३१ ला पुण्यात फर्ग्युसनच्या लायब्ररीत वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी, त्याच वयाची, तशाच मेसमध्ये जेवणारी आपली पोरं सरकारी खाकी घालून चांदमारीला जात होती. खादीवाले त्यांना काय काय म्हणायचे ते आजोबा हसत सांगायचे पण तेव्हा हसू आलं नसणार. काहींनी गणवेश परत केला. काहींनी नाही केला. आजोबांनी नाही केला. का नाही केला, तर त्यांचं म्हणणं साधं होतं, उद्या स्वराज्य आलं तर त्याची फौज कोण चालवणार, साहेब जाताना शिकवून जाणार आहे का? हे किती मनापासून होतं आणि किती नंतर सुचलेलं ते मला माहीत नाही. नातवाला सांगताना माणूस थोडं घासूनपुसूनच सांगतो. बरोबर होते का चूक ह्याचा निकालही मला लावायचा नाहीये. पण हा वाद आपल्या हॉस्टेलात, आपल्या मेसमध्ये झालेला आहे, आणि तो आजच्या पोरांना सांगण्यासारखा आहे की नाही? नुसत्या 'गौरवशाली' भिंतीपेक्षा तर नक्कीच.

आणि ती पोरं काही आंधळी नव्हती. त्यांना दिसत होतं की युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी वेगळा ऑक्झिलरी फोर्स आहे आणि आपल्यासाठी टेरिटोरियल, दोन्ही १९२० चेच कायदे, पण वागणूक वेगळी. ह्या भेदावर तेव्हाच इतकी ओरड झाली की १९२४ ला शी कमिटी नेमावी लागली. त्यांना दिसत होतं की १९१८ पासून सँडहर्स्टला (इंग्लंडातली लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी) हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा, अख्ख्या देशाला दहा! फौजेत हिंदी अधिकारी कसे वाढवायचे ते ठरवायला स्कीन कमिटी बसली १९२५ ला, मोतीलाल नेहरू, जिना असे लोक तिच्यावर, मोतीलाल मध्येच बाहेर पडले. कॉलेजातली पोरं ऑफिसर म्हणून कशी आणायची ह्यावर तिथे चर्चा झाली, आणि डेहराडूनची अकादमी उघडली १९३२ ला, पहिली बॅच चाळीस जणांची. एवढ्या वर्षांत यूटीसीच्या पोराच्या हाती काय पडलं म्हणाल तर बहुतेकांच्या काहीच नाही. आजोबा शाळामास्तर झाले. पीटीचा तास घ्यायचे आणि आख्ख्या तालुक्यात त्यांच्या शाळेची रांग सरळ असायची, एवढंच. पण १९४८ ला एनसीसी उभी करायची वेळ आली तेव्हा कॉलेजांमध्ये परेड म्हणजे काय हे माहीत असलेले मास्तर आणि प्रोफेसर आयते होते ते ह्याच पोरांमुळे. एनसीसी काय १४ जुलैच्या रात्री झोपून १५ ला सकाळी उगवली?

चौथी तक्रार छोटी आहे पण सांगतो. भिंतीवर १९४९ ला मुलींचा विभाग सुरू झाला असं लिहिलंय, चांगलं आहे, पण आपल्या कॉलेजातल्या पहिल्या मुलींच्या बॅचचा एक फोटो नाही, एक नाव नाही. त्या बायकांपैकी कोणी आज असतील तर नव्वदी ओलांडून गेल्या असतील. त्यांच्या घरी फोटो असतील, विचारलं कोणी? भिंत बहुतेक कुठल्या तरी तयार नमुन्यावरून छापून आणलीय, त्यामुळे त्यात आपलं कॉलेज कुठेच नाही. फ्लेक्स मात्र उत्तम क्वालिटीचा आहे, मान्य.

माजी विद्यार्थी संघाला वेगळं सांगायचंय. तुम्ही दर मेळाव्याला वर्गणी मागता, आम्ही देतो. गेल्या वेळी कमानीसाठी दिली. ह्या कामाला कमानीच्या दशांशही पैसे लागणार नाहीत, लागले तर मी आणि माझ्या बॅचचे पाच-सहा जण द्यायला तयार आहोत, स्कॅनिंगला हाताने मदत करायला पण तयार आहोत. फक्त तुम्ही संस्थेला एक पत्र लिहा, आमचं एकट्यादुकट्याचं कोणी ऐकत नाही.

आता मागण्या. स्पष्ट लिहितो म्हणजे नंतर कळलं नाही असं नको.

कोत पाडायच्या आधी आत जे काही उरलंय त्याची यादी करा, फोटो काढा, त्या वेळी एनसीसी ऑफिसर आणि माजी कॅडेटांपैकी दोघे हजर असू द्या. जे आधीच बाहेर गेलंय ते कुठे गेलं ते लेखी सांगा. भंगारवाल्याला गेलं असेल तर तसं सांगा, आम्ही त्याच्याकडे जाऊ, बोर्ड सागवानाचा आहे, कोणीतरी ठेवला असण्याची शक्यता आहे.

रजिस्टरं, फोटो, मासिकं ह्यांची जपणूक करणं कॉलेजला जमत नसेल तर ते कमीपणाचं नाही, कागद सांभाळणं हे वेगळं शास्त्र आहे. पण मग ते राज्याच्या पुराभिलेखागाराला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला रीतसर विचारून सोपवा. त्याआधी स्कॅन करून एक प्रत ग्रंथालयात ठेवा, आणि ती बघायला परवानगीचं रिंगण नको.

भिंतीचा मजकूर बदला. १९१७ पासून सुरू करा. यूटीसीच्या पोरांनी राजाचा गणवेश घातला होता हेही लिहा, त्यावरून हॉस्टेलात भांडणं झाली हेही लिहा, कोणी तो परत केला हेही लिहा. त्यांना देशभक्त बनवून लावा असं मी म्हणत नाही. होते तसे लावा. आणि १९४९ च्या मुलींसाठी जागा सोडा, फोटो आम्ही शोधून देतो.

पार्किंगचं काम पावसाळ्याआधी उरकायचं आहे असं ऐकलं, म्हणून यादीच्या कामाला उशीर चालणार नाही. ठेकेदार मैदानावर यायच्या आधी लेखी उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर हेच पत्र सह्या घेऊन युनिव्हर्सिटीकडे आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरकडे जाईल, सह्या गोळा करायला सुरुवात झालेली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे यूटीसीचे फोटो, बिल्ले, कँपची पत्रं असतील त्यांनी ती टाकू नका, मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा (पेनाने नको, शाई पुढे उमटते) आणि संघाच्या ऑफिसात कळवा.

कळावे,
आपला,
एक माजी विद्यार्थी आणि माजी कॅडेट